मला कावीळ झालीच नव्हती

मला आयुष्यात कधी कावीळ झाली नाही. तरी माझी कावीळ आठवणारी माणसं नागपूरच्या इंदोऱ्यात अजून भेटतात. मध्यंतरी एका लग्नात आमच्या जुन्या शेजारीणबाई भेटल्या. त्यांनी तेव्हा मला रोज ग्लासभर उसाचा रस पाजला होता. 'कुसुम, तुही कावीळ लई जबर होती बाप्पा,' त्या म्हणाल्या. मी त्यांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी हातातलं ताट खुर्चीखाली ठेवलं, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, 'माह्या नातवाचं बी तसंच होऊन राहिलं वं. घरचे ॲसिडिटी म्हणते.' मग आम्ही जेवण सोडून तासभर बोलत बसलो. त्या तासाभरानंतर हे लिहायला घेतलं आहे.

ज्यांच्या घरात कोणी भिंतीकडे तोंड करून पडलेलं आहे आणि शेजाऱ्यांना भलतंच काही सांगितलं जात आहे, त्यांच्यासाठी हे आहे. औषधांची नावं देणार नाही. मी पुढे डॉक्टर झाले, पण इथे मी पेशंट म्हणूनच बोलणार आहे.

एकोणीस मार्क

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. आमच्याकडे तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या मार्कांवर मेडिकलला प्रवेश मिळे. माझे बाबा एका सायन्स कॉलेजात परिचर होते, आणि मी त्याच कॉलेजात शिकत होते. परीक्षानळ्या धुणं, ब्युरेट भरून ठेवणं आणि डिसेक्शनच्या दिवशी बेडकांना क्लोरोफॉर्म देऊन ट्रेमध्ये टाचण्यांनी लावून ठेवणं हे त्यांचं काम. शिक्षण सातवी. पण कुठलं मीठ ज्योतीवर हिरवं जळतं आणि कुठलं लाल, हे त्यांना पोरांच्या आधी कळायचं. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत पोरं त्यांच्याकडे आशेनं बघत आणि ते छताकडे बघत.

मी दीड वर्षाची असताना बाबांनी मला खांद्यावर बसवून बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेच्या सोहळ्याला नेलं होतं. घरी आल्यावर त्यांनी देवांच्या तसबिरी उतरवल्या आणि रिकाम्या खिळ्याला माझ्यासाठी आणलेली पाटी अडकवली, असं आई सांगायची. मला अजून नीट चालताही येत नव्हतं. माझं डॉक्टर होणं बहुतेक त्याच दिवशी ठरलं असावं.

मॅट्रिकला मी शाळेत पहिली आले. कॉलेजात पहिले चार महिने झकास गेले. दिवाळीनंतर काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. दुःख म्हणावं तर घरात कोणी गेलं नव्हतं, कोणी मला बोललं नव्हतं. पहाटे जाग यायची आणि छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटायचं. भात चावला की कागद चावल्यासारखा लागे. पुस्तक उघडलं की पहिली ओळ वाचायची, दुसरीवर जायचं आणि पहिली विसरायची. तेल लावून वेणी घालायला अर्धा तास लागायला लागला, तेव्हा मी वेणी घालणंच सोडलं. आई म्हणायची, 'डोळे फोडून वाचते न, मंग मार्क काहून पडत नाई?' वाचताना मी दिसत होते, पण वाचत नव्हते.

रसायनाच्या सरांना चाचणीचे मार्क वर्गात मोठ्यानं वाचून दाखवायची सवय होती. फेब्रुवारीत त्यांनी माझं नाव घेतलं आणि चष्मा वर करून म्हणाले, 'एकोणीस. शंभरपैकी.' कोणीतरी हसलं. मागच्या बेसिनपाशी बाबा नळ्या धूत होते. नळाचा आवाज थांबला. थोड्या वेळानं परत सुरू झाला.

त्या दिवशी सायकलवरून घरी जाताना बाबांनी एवढंच विचारलं, 'तब्येत बरी नाई का तुही?' मी म्हटलं, बरी आहे. आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोलले असेन, त्यातलं सगळ्यात महागात पडलेलं खोटं हेच.

पुरवणी

वार्षिक परीक्षेत फिजिक्सच्या पेपरला बाबांची ड्युटी आमच्याच हॉलमध्ये लागली. पाणी देणं आणि पुरवण्या वाटणं हे त्यांचं काम होतं. मी पहिला प्रश्न वाचत होते. तासाभरानंतरही तोच वाचत होते. बाबा पुरवण्यांचा गठ्ठा घेऊन रांगेतून आले, माझ्या बाकापाशी थांबले आणि माझ्या पेपरकडे पाहिलं. वर नंबर होता, 'प्रश्न १' असं होतं, आणि खाली काही नव्हतं. ते पुढे गेले. दीड तासानं परत आले. तेव्हाही तेवढंच होतं. शेवटच्या पंधरा मिनिटांत ते तिसऱ्यांदा आले आणि कोणी मागितली नसताना त्यांनी माझ्या बाकावर एक कोरी पुरवणी ठेवली. त्यांना दुसरं काही करता येत नव्हतं, म्हणून ते केलं असेल.

हॉलच्या बाहेर आल्यावर मी त्यांना सांगितलं, की मला जगावंसं वाटत नाही. हे वाक्य मी असंच उघड लिहिते आहे, कारण ते मी तेव्हाही असंच बोलले आणि बोलले म्हणून वाचले. आजही ज्याच्या मनात हे येत असेल त्यानं पहिलं जे माणूस दिसेल त्याला सांगावं. समोरच्याला काय करायचं ते कळो न कळो, सांगावं.

बाबांना काही कळलं नाही. पण त्यांनी मला घरी न नेता तसंच मोहल्ल्यातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दहा मिनिटं ऐकून घेतलं आणि रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी दिली.

'कागदावर काय लिवान?'

रामदासपेठेतले ते डॉक्टर हळू बोलत. झोप, भूक, वजन सगळं विचारून झाल्यावर म्हणाले, 'रडू येतं का?'

'नाही,' मी म्हटलं. 'आलं असतं तर बरं झालं असतं.'

त्यांनी मान हलवली, जणू मी बरोबर उत्तर दिलं होतं. कित्येक महिन्यांत माझं एकही उत्तर बरोबर आलं नव्हतं. मग ते बाबांकडे वळले. 'हा मनाचा आजार आहे, डिप्रेशन. टायफॉइड आजार असतो तसाच. आळस नाही, नाटक नाही, भूतबाधा नाही.'

बाबा दुखावले. 'आम्ही भूत मानत नाई साहेब.'

'मग आजार मानायला सोपं जाईल,' डॉक्टर म्हणाले.

बाबांनी बराच वेळ हातातली टोपी फिरवली. मी बरी होईन का, असं ते विचारतील असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, 'कागदावर काय लिवान साहेब?'

मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला. आज येत नाही. वेडाच्या दवाखान्याचा शिक्का लागला की पोरीला नोकरी नाही, लग्न नाही, आणि मेडिकल तर नाहीच नाही, हे ते पाहत आले होते. घरी जाईपर्यंत त्यांचा निर्णय झाला होता. सायकल ओढत चालताना ते म्हणाले, 'कावीळ सांगू.'

त्यांनी आजार अगदी पारखून निवडला होता. कावीळ झालेलं माणूस खात नाही, वाळतं, दिवसभर पडून राहतं, दवाखान्यात भरती होतं, आणि त्याची लाज कोणाला वाटत नाही. मोहल्ल्यातल्या डॉक्टरांनी मान खाली घालून काविळीचा दाखला लिहून दिला. माणूस वाईट नव्हता. पोरीचं भलं होईल असंच त्यांनाही वाटलं.

वॉर्ड

रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी मला भरती करून घेतलं. त्यांच्या दवाखान्यात मी तीन आठवडे होते. सकाळी पाचला थर्मामीटर, सहाला चहा, मग गोळ्या, मग डॉक्टरांची फेरी, मग लांबच लांब दुपार. एप्रिलमधली नागपूरची दुपार. खिडक्यांना लावलेल्या वाळ्याच्या ताट्यांवर कोणीतरी पाणी मारून जाई आणि अर्ध्या तासात त्या वाळून कडक होत. गोळ्यांनी तोंड इतकं कोरडं पडायचं की जीभ टाळूला चिकटायची.

पहिले आठ दिवस मी आंघोळ केली नाही. वॉर्डातल्या आयाबाई रोज बादली भरून ठेवत आणि मी तिच्याकडे नुसती बघत राही. एके दिवशी त्या खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, 'असं कर माय, आज नुसतं तोंड धू. हातपाय उद्या. पाठ परवा. कोण घाई करून राहिलं?' मी तोंड धुतलं. दुसऱ्या दिवशी हातपाय. पुढे डॉक्टर झाल्यावर मी किती मोठ्यामोठ्यांची व्याख्यानं ऐकली, पण याहून कामाचा सल्ला कोणी दिला नाही.

आई रोज डबा घेऊन यायची. माझ्याशी काय बोलावं हे तिला कळत नसे, म्हणून ती शेजारच्या खाटेवरच्या बाईशी बोलायची. पण जाताना न चुकता माझे केस विंचरून, वेणी घालून जायची. कधी कधी इतकी घट्ट ओढायची की डोळे ताणले जायचे. तिच्या मनात किती भीती आहे ते त्यावरून मला कळायचं.

सोळाव्या की सतराव्या दिवशी मला भूक लागली. शेजारच्या खाटेवर कोणाच्या तरी घरून सावजीचा झणझणीत रस्सा आला होता, आणि त्या वासानं माझ्या तोंडाला पाणी सुटलं. इतकी साधी गोष्ट. मी तोंडावर पदर धरून रडले. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, 'छान. दोन्ही आलं.'

माळ

घरी आले तर मोहल्ला काविळीच्या तयारीत बसलेला. कोणी मुळे आणले, कोणी फुटाणे, आणि शेजारीणबाई ग्लासभर उसाचा रस. तेल बंद, हळद बंद, तिखट बंद. दवाखान्यात ज्या रश्श्यानं मला भूक दिली होती, त्याचा वास चारी घरांतून यायचा आणि मी ताकभात खात बसायची. नसलेल्या आजाराचं पथ्य मी दोन महिने पाळलं.

तेवढ्यावर भागलं असतं. पण शेजारीणबाईंनी आईला धरलं, 'माळ नाई टाकली वं अजून?' काविळीची माळ देणारे एक गृहस्थ गावाबाहेर राहत. कुठल्याशा वेलीच्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात बांधून ते इवलीशी माळ करत आणि डोक्यावर ठेवत. कावीळ उतरू लागली की माळ वाढते, असं लोक मानत. बाबांनी हे सगळं कधीच सोडलं होतं. गंडेदोरे म्हटले की ते घराबाहेर जात. आता त्यांना पेच पडला. काविळीचं माणूस घरात आहे आणि माळ टाकत नाहीत म्हटल्यावर लोकांनी विचारलंच असतं, की आजार नक्की कोणता?

'जा,' बाबा शेवटी आईला म्हणाले. 'पण मले सांगू नोको.'

माळ वाढली. डोक्यावरून गळ्यात आली, गळ्यातून छातीवर, आणि पंधरा दिवसांत बेंबीपर्यंत. अंगात कणभर कावीळ नसताना. काड्या वाळतात आणि दोरा सैल होतो, हे बाबांनी तिथल्या तिथे दुसरी माळ बांधून मला दाखवलं. ती तर खुंटीवरच वाढली. आम्ही दोघं खूप दिवसांनी पोट धरून हसलो.

हसण्यासारखं पुढे राहिलं नाही. माळ देणाऱ्यानं आईला बजावलं होतं, की चाळीस दिवस इंग्रजी गोळ्या बंद, नाहीतर यकृत जळतं. माझ्या गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून आईजवळ असत, तीच मोजून द्यायची. ती द्यायची थांबली.

मला कावीळ नाही हे तिला पक्कं माहीत होतं. मग तिनं असं का केलं? मी हे तिला कितीतरी वर्षं विचारत राहिले. एकदाच तिनं उत्तर दिलं. 'तू हसून राहिली होती. जेवून राहिली होती. मले वाटलं, खरंच कावीळच असंन. कावीळ असती तर बरं नसतं झालं का वं?'

तिला एकटीला दोष देऊन चालणार नाही. गोळी आली नाही हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी मागितली नाही. मलाही कावीळच हवी होती.

परत

निकाल लागला, मी नापास झाले होते. वर्ष पुन्हा सुरू केलं. ऑगस्टमध्ये एका सकाळी वेणी घालताना हात मध्येच थांबला, आणि मला समजलं. या वेळी मी ओळखलं. पहाटेची जाग, कागदासारखा भात, पहिली ओळ. तरी तीन आठवडे गप्प राहिले. 'पोरगी बरी झाली' म्हणून सगळीकडे सांगून झालं होतं, शेजारीणबाईंनी पेढे वाटले होते. वाटलेले पेढे परत कसे मागणार?

शेवटी एका दुपारी मी झूलॉजीच्या प्रयोगशाळेत गेले. बाबा एकटेच होते, दुसऱ्या दिवशीच्या प्रॅक्टिकलचे ट्रे मांडत होते.

'बाबा, परत आलं.'

'काय?'

'ते.'

त्यांनी हातातला ट्रे खाली ठेवला. हात धुतले. साहेबांकडे जाऊन अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मला सायकलच्या दांड्यावर बसवून रामदासपेठेत नेलं. वाटेत मी गोळ्यांचं सांगितलं. ते सायकल जोरात चालवायला लागले. दवाखान्याशी आल्यावर नेहमीसारखे पाटीकडे पाठ करून समोरच्या पानठेल्यापाशी उभे राहिले. आत ते फक्त पहिल्या दिवशी आले होते.

डॉक्टर रागावले नाहीत. गोळ्या परत सुरू केल्या. मी विचारलं, 'मेडिकलचं काय?'

'तुला जायचंय का, की तुझ्या बाबांना?'

हे मला कोणी विचारलंच नव्हतं. मी विचार केला. आयाबाईंची बादली आठवली. म्हटलं, 'मला जायचंय.'

'मग रोज एक पान. दोन नाही.'

एक पानाचा अभ्यास म्हणजे काय हे हुशार मुलामुलींना कळणार नाही. मी वर्गात पहिली येणारी मुलगी, आणि एक पान संपलं की पुस्तक मिटून बसायचं. अपमान वाटायचा. ऑक्टोबरात दोन पानं झाली, डिसेंबरात मी मोजणं सोडलं. कॉलेज सुटल्यावर बाबा मला प्रयोगशाळेत बसवून घेत. ज्योतीवर मीठ धरत आणि विचारत, 'सांग वं, कोणतं?' चुकलं तर म्हणत, 'पुन्हा पाय.' मार्क हा शब्द त्यांनी वर्षभर तोंडातून काढला नाही. निकाल लागला तेव्हा मला फर्स्ट क्लास होता, काठावरचा.

दोन दाखले

काठावरचा असल्यामुळेच सगळा घोळ झाला. दुसऱ्या खेपेला पास होणाऱ्यांचे काही मार्क आमच्या वेळी कापले जात. आजारपणामुळे वर्ष गेल्याचा दाखला अर्जाला जोडला आणि निवड समितीला तो पटला, तर कपात माफ. 'तुमचं काय बाई, तुमच्या जागा राखीव,' असं वर्गातल्या मुली म्हणत. त्या जागांसाठी आमच्याच वस्त्यांतली किती पोरं जीव काढून अभ्यास करत होती, हे त्यांना माहीत नव्हतं. कपात झाली असती तर तिथेही माझं नाव लागत नव्हतं.

दाखला लागणारच होता. प्रश्न होता, कोणता.

'काविळीवाला आहे न,' बाबा म्हणाले. 'जोडून दे. कोणी विचारणार नाई.'

'नाही जोडणार.'

'काहून नाई? तो दुसरा आजार वाचून मेडिकलवाले घेतीन का तुले? दुसऱ्याच्या जिवाचं काम आहे ते. पोरी, दोन वर्षं गेली. आता एका कागदावरून घालवतं का?'

त्यांचा आवाज चढला होता. माझाही चढला. 'कावीळ लिहून आत गेले आणि परत आजारी पडले, तर होस्टेलात गोळ्या कुठे लपवू? कोणाला सांगू? तेव्हा कोण पुरवणी आणून ठेवणार आहे?'

मला हे बोलायचं नव्हतं. बाबा खाली बसले. एवढा वेळ आई चुलीपुढे भाकरी थापत होती. तिनं वळूनही पाहिलं नाही.

'खरा जोडा,' ती म्हणाली. 'त्या काविळीच्या नादानं मी हिच्या गोळ्या बंद केल्या. पोरगी हातची जात होती. आता त्याच काविळीवर हिले डॉक्टर करता का?'

तव्यावरची भाकरी करपली.

दुसऱ्या दिवशी बाबा मला न सांगता रामदासपेठेत गेले आणि दाखला घेऊन आले. या वेळी पानठेल्यापाशी उभे राहिले नव्हते. आत, बाकावर, इतर पेशंटांबरोबर तासभर बसले होते. आल्यावर टोपी खुंटीला लावत म्हणाले, 'आमच्या कॉलेजातले एक सर भेटले तिथं. बायकोले घेऊन आल्ते. मले पाहून म्हणे, कावीळ आहे हिले. मी म्हणलं, आमच्याकडं बी तेच.' मग ते हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. त्या सरांचं नाव त्यांनी आम्हाला कधीही सांगितलं नाही.

समिती

समितीत तिघं होते. मधले वयस्कर सर्जन, एका बाजूला मुख्य कारकून, दुसऱ्या बाजूला एक डॉक्टरबाई. सर्जनांनी दाखला दोनदा वाचला.

'हा जोडायला कोणी सांगितलं?'

'मीच जोडला सर.'

'पोटाचं काही लिहिलं असतंस तर आम्ही इतकं बघितलंही नसतं.'

'तसाही एक दाखला होता सर. खोटा होता.'

कारकुनानं मान वर केली. सर्जनांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. 'आमचं काम माहीत आहे ना? झोप नाही, जेवण नाही, समोर माणसं मरतात. परत आजारी पडलीस तर?'

उत्तर माझ्याजवळ होतं. 'पडू शकते सर. पहिल्या वेळी मला कळलंच नाही, वर्ष गेलं. दुसऱ्या वेळी कळलं पण लपवलं, तीन आठवडे गेले. तिसऱ्या वेळी त्याच दिवशी सांगेन.'

'आणि त्या दिवशी पेशंट?'

'दुसऱ्या डॉक्टरांकडे देईन. ताप आलेला डॉक्टर तेच करतो ना सर?'

'नाही करत,' डॉक्टरबाई म्हणाल्या. 'गोळी गिळतो आणि तसाच ओपीडीत बसतो. पण तू कर.'

तिघांनी काय ठरवलं ते चेहऱ्यांवरून काही कळलं नाही. पुढचे बारा दिवस कसे गेले ते आईला विचारायला हवं होतं. मी त्या दिवसांत गोळ्या घेतल्या, जेवले, वेणी घातली. तेवढंच माझ्या हातात होतं आणि तेवढं मी एकही दिवस चुकवलं नाही. नाव लागलं नाही तर पुढच्या वर्षी परत अर्ज करायचा, हाच दाखला जोडून, हेही ठरवून टाकलं होतं.

यादी लागली तेव्हा बाबा वरून बोट फिरवत आले आणि मी खालून. मला आधी सापडलं. खालून चौथं.

प्रवेशाच्या खिडकीवर लांब रांग होती. आमचा नंबर आला तेव्हा खिडकीतल्या कारकुनानं माझी फाइल चाळून तब्येतीचा फॉर्म पुढे सरकवला. नाव, उंची, वजन, आणि मग एक रकाना: पूर्वीचे गंभीर आजार.

'तिथं निरंक लिहा,' तो म्हणाला. 'सगळे तेच लिहितात.'

मी पेन धरून थांबले.

'अहो बाई, समितीनं पाहिलं ते पाहिलं. हा कागद नुसता फायलीत जातो, कोणी उघडूनही बघत नाही. निरंक लिहा, सही करा आणि व्हा पुढे. मागं रांग आहे.'

बाबा माझ्या शेजारी उभे होते. असल्या खिडक्यांपुढे ते जन्मभर टोपी काढून उभे राहिले होते, आणि आतला माणूस सांगेल तिथे त्यांनी सही केली होती. त्यांनी टोपी काढलेलीच होती. ती त्यांनी डोक्यावर घातली.

'लिहू द्या तिले, साहेब,' ते म्हणाले. 'तिचा आजार आहे तो.'

मी लिहिलं. रकाना अपुरा पडला, अक्षरं समासात गेली. मागचे लोक कुरकुरायला लागले, तरी माझं शेवटचं अक्षर होईपर्यंत बाबा खिडकीपासून हलले नाहीत.